पॅरिस आणि अल्सास: दहा रात्री कशा वाटायच्या?

कोरांटी
मे महिन्याच्या उत्तरार्धात मुंबईहून पॅरिसला जायचं ठरतंय. विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही. हातात 10 रात्री. माणसं चार: आम्ही दोघं, 68 वर्षांच्या सासूबाई आणि 12 वर्षांची मुलगी. पॅरिस हवंच, पण सगळे दिवस शहरात काढायचे नाहीत. दुसरा भाग म्हणून अल्सास (स्ट्रासबुर्ग, कोलमार आणि त्या पट्ट्यातली द्राक्षमळ्यांची गावं) पक्कं केलंय.

प्रश्न असे: 7 + 3 की 5 + 5? आधी शहर की आधी गावं? मुक्काम स्ट्रासबुर्गला की कोलमारला? गाडी भाड्याने घ्यायची का? सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांना जिने फार झेपत नाहीत. अल्सास पॅरिसहून एका दिवसात उरकता येतं असं एका पत्रकात वाचलं. तसं असेल तर मुक्कामच कशाला, असंही घरात निघालंय.

पाऊलवाट
शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

एका दिवसात जाऊन येता येतं हे खरं. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकाहून टीजीव्हीने (वेगवान रेल्वेने) स्ट्रासबुर्ग पावणेदोन ते दोन तास. पण त्यात नेमकं काय हाती लागतं ते बघा. सकाळी आठची गाडी धरली तरी कोलमारच्या जुन्या भागात पोचायला अकरा वाजतात. रिकवीर, एगिसाइम, कायझरबर्ग इथे पर्यटकांच्या बसेस त्याच सुमाराला लागतात आणि पाच वाजता निघतात. रिकवीर म्हणजे खरं तर एकच मुख्य रस्ता. खालच्या नगरभवनापासून वरच्या दोल्देर वेशीपर्यंत (वेस 1291 मधली), चढ अगदी हलका. दुपारी एक वाजता तिथे माणसांच्या पाठी दिसतात, घरं दिसत नाहीत. तोच रस्ता सकाळी आठला रिकामा असतो. दुकानदार फळ्या काढत असतात, पावाच्या भट्टीचा वास सुटलेला असतो, लाकडी चौकटींच्या भिंतींवर पूर्वेचं ऊन पडतं. मे अखेरीला सूर्य मावळायला सव्वानऊ होतात, म्हणजे बसेस गेल्यावरही चार तास उजेड.

थोडक्यात, गावांची शांतता सकाळी आणि संध्याकाळीच असते. ज्याची रात्र तिथे नाही त्याला ती मिळत नाही. म्हणून वाटणी दिवसांची करू नका, रात्रींची करा. एका ठिकाणी N रात्री म्हणजे हातात पूर्ण दिवस N वजा 1. 7 + 3 मध्ये अल्सासला दोनच पूर्ण दिवस उरतात. 5 + 5 करा.

खडीसाखर
पाऊलवाट यांच्या रात्रींच्या हिशोबाला अनुमोदन, पण पहिल्यांदा जाताय तर पॅरिसच्या रात्री पाचाच्या खाली अजिबात आणू नका. तिथे वाराने घात होतो. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. व्हर्सायचा राजवाडाही सोमवारी बंद. सोमवारी चुकलेले सगळे आणि लूव्रच्या बंद दारावरून परतलेले सगळे मंगळवारी व्हर्सायला लोटतात, म्हणून तो वार तिथे सर्वांत वाईट. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री 9 पर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. संध्याकाळी सहानंतर गर्दी ओसरते.

18 वर्षांखालच्या मुलांना तिन्हीकडे तिकीट नाही. पण लूव्रला फुकट प्रवेशालाही वेळ राखून ठेवावी लागते, मुलीचं नाव त्यात घालायला विसरू नका. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं 60 दिवस आधी खुली होतात.

रूळसांधे
आधी शहर की आधी गावं, याचं उत्तर रेल्वेच्या अंगाने देतो.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल 2 खालीच टीजीव्हीचं स्थानक आहे. तिथून स्ट्रासबुर्गला थेट गाड्या आहेत, वेळ साधारण दोन तास. दिवसाला मोजक्याच आहेत, म्हणून वेळापत्रक बघूनच विमान निवडा. टर्मिनल 1 ला उतरलात तर विमानतळाची फुकटची छोटी रेल्वे टर्मिनल 2 ला नेते. असं गेलात की पॅरिसमध्ये सामान ओढत शिरणं एका खेपेने वाचतं. रात्रभराच्या विमानानंतर पहिला दिवस असाही अर्धवट झोपेत जातो. तो लूव्रच्या रांगेत घालवण्यापेक्षा कोलमारच्या कालव्याकाठी गेलेला बरा.

विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान तीन तास ठेवा. गाडी सुटून गेल्यावर ते तिकीट बदलता येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या) सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तिचाही वेळ धरा.

आणखी काही:
- टीजीव्हीची तिकिटं साधारण तीन-चार महिने आधी खुली होतात आणि मागणीप्रमाणे चढत जातात. रविवारी संध्याकाळी पॅरिसकडे येणाऱ्या गाड्या महाग, कारण सुट्टी संपवून सगळे परततात. रविवारी सकाळची घ्या.
- गाडीचे दरवाजे सुटण्याच्या 2 मिनिटं आधी बंद होतात. त्यानंतर विनंतीचा उपयोग नाही.
- माणशी दोन मोठ्या बॅगा (70 × 50 × 90 सेंमीच्या आत) आणि एक हातातली लहान. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची. स्वस्तातल्या उईगो गाड्यांत मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे.
- स्ट्रासबुर्ग–कोलमार टीईआर (प्रादेशिक रेल्वे) गाडी अर्ध्या तासाची. तिला आरक्षण नसतं आणि आधी काढल्याने स्वस्तही पडत नाही, आयत्या वेळी घ्या.
- संप असेल तर कोणत्या गाड्या धावणार ते आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला जाहीर होतं.
- भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्या, नाहीतर पैसे भरताना तिकीट अडकतं.

तळटीप
एक मुद्दा राहतोय, जो रात्रींच्या वाटणीला थेट जोडलेला आहे: व्हिसा. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर ज्या देशात आधी शिराल त्याच्याकडे. तुमच्या सगळ्या रात्री फ्रान्समध्येच आहेत, म्हणून सरळ आहे. पण हौसेने शेजारच्या जर्मनीत किंवा स्वित्झर्लंडमध्ये रात्री वाढवायला लागलात तर हे गणित पुन्हा करा.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या प्रवासासाठी भेटीच्या वेळा लवकर संपतात, जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरो. जून 2024 पासून शुल्क 90 युरो. 6 ते 11 वर्षांच्या मुलांना निम्मं, तुमची मुलगी 12 ची म्हणजे पूर्ण. हॉटेलांची आरक्षणं आणि अर्जातला रात्रींचा तक्ता तारखेला तारीख जुळला पाहिजे. विमानात जाणारी रात्र हॉटेलच्या रात्रींत धरली गेली की तक्ता एका दिवसाने सरकतो. ही चूक नेहमीची.

कोरांटी
मनापासून आभार. तळटीप, विमानातली रात्र आम्ही खरंच मोजली होती, म्हणजे 10 नव्हे, 9 व्हायच्या. आता परतीचा दिवस एकाने पुढे ढकललाय.
रूळसांधे, परत यायला पॅरिसलाच यावं लागतं का?

रूळसांधे
नाही. पॅरिसला उतरून झ्युरिक किंवा फ्रँकफर्टहून परतता येतं. विमान शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडा, दोन एकेरी तिकिटं घेऊ नका. कोलमार ते बाझल पाऊण तास, बाझल ते झ्युरिक एक तास. असं केलंत तर आधी पॅरिस, मग अल्सास असा क्रम लागतो आणि परतीचा पॅरिसचा फेरा वाचतो. पण सासूबाई सोबत असताना परतीच्या दिवशी दोन देश आणि दोन-तीन गाड्या बदलणं मला पटत नाही. विमानतळावरून थेट स्ट्रासबुर्ग आणि शेवट पॅरिसमध्ये, हेच सुटसुटीत.

गिअरबॉक्स
गाडीबद्दल. पाचही दिवस नको. गावं बघायला दोन दिवस घेतलीत तर कामाची आहे.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघतो, मुदत एक वर्ष. सोबत मूळ परवाना लागतोच. फ्रान्समध्ये भाड्याच्या गाड्या बहुतेक हाताच्या गिअरच्या, आणि तिथे गिअर उजव्या हाताला. ऑटोमॅटिक महाग आणि मोजक्या, आधीच मागून ठेवा. कोलमारसारख्या गावात गाडी देणारी कार्यालयं दुपारी जेवणाला बंद होतात आणि रविवारी बहुधा उघडतच नाहीत. गाडी परत करायची वेळ त्यांत अडकवू नका.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो बारीक गल्लीतून येत असला तरी. अल्सासच्या गावांत असे चौक जागोजागी आहेत. दुसरी, पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं असतं ते डिझेल. नाव गॅसोलीनसारखं वाटतं म्हणून लोक पेट्रोलच्या गाडीत भरतात आणि इंजिन बसतं. पेट्रोल म्हणजे ‘सां प्लों’, 95 किंवा 98. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, तेवढं वाचून नळी उचला.

जुन्या गावांत आत गाडी जात नाही. वेशीबाहेर पैसे भरून लावायची. सकाळी दहाच्या आत गेलात तर जागा मिळते.

रानमेवा
माझं मत जरा वेगळं आहे. रिकवीर आणि एगिसाइम ही शांत गावं म्हणून धरू नका, ती प्रसिद्ध गावं आहेत. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात नाताळच्या बाजारात तर पाय ठेवायला जागा नसते. शांत भाग हवा असेल तर रेल्वेच्या काठची कमी मिरवलेली गावं घ्या, आणि मग गिअरबॉक्स म्हणतात ती गाडीही लागत नाही. स्ट्रासबुर्गहून ओबेर्ने, बार, दांबाक-ला-व्हिल यांना स्वतःची स्थानकं आहेत. कोलमारहून मुन्स्टरच्या खोऱ्यात जाणारी गाडी आहे, तिच्यावर दहा मिनिटांत तुर्काइम लागतं. तटबंदी, तीन वेशी, मळे वेशीला टेकलेले. मे ते ऑक्टोबर तिथे रात्री 10 ला रात्रीचा राखणदार कंदील आणि भाला घेऊन गल्लोगल्ली गात फिरतो आणि लोक त्याच्या मागे चालतात. दिवसा येऊन जाणाऱ्याला हे कुठून दिसणार?

याउलट रिकवीर, कायझरबर्ग, एगिसाइम यांना स्थानक नाही. कोलमारहून बस आहे, पण थोड्या फेऱ्या आणि रविवारी जवळजवळ नाहीतच. एगिसाइम कोलमारपासून 6-7 किलोमीटर, टॅक्सी परवडते.

पाऊलवाट
रानमेवा, तुर्काइमबद्दल पूर्ण सहमत. पण पहिल्या भेटीत रिकवीर वगळा असं मी सांगणार नाही. सकाळी साडेआठला पोचा आणि साडेदहाला निघा, एवढंच.

मुक्काम कोलमारलाच करा. स्ट्रासबुर्ग मोठं शहर आहे, पॅरिसच्या जोडीला पुन्हा शहर कशाला? शिवाय युरोपीय संसदेचं अधिवेशन साधारण महिन्यातून एकदा सोमवार ते गुरुवार तिथे भरतं, त्या आठवड्यात खोल्यांचे दर भडकतात. तारखा संसदेच्या वेळापत्रकात आधीच जाहीर असतात. स्ट्रासबुर्गला एक दिवस अर्ध्या तासाच्या गाडीने जा. कॅथेड्रलचा मनोरा 142 मीटर, 1647 ते 1874 ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. आतल्या खगोलीय घड्याळात बारा प्रेषितांची मिरवणूक दुपारी साडेबाराला निघते. बाराला का नाही, तर ते घड्याळ स्थानिक सूर्याची वेळ पाळतं. मुलीला हे नक्की दाखवा.

कोलमारचं उंटरलिंडेन संग्रहालय मंगळवारी बंद. तिथल्या इसेनहाइमच्या वेदीचित्रासाठी एक अख्खी सकाळ ठेवा. ग्र्युनेवाल्डने 1512 ते 1516 च्या काळात रंगवलेलं. ज्या मठासाठी ते काढलं तिथे अंगाची आग करणाऱ्या एका रोगाचे रुग्ण ठेवत. हा रोग बुरशी लागलेल्या राय धान्याच्या पावातून होई. चित्रातल्या ख्रिस्ताच्या कातडीवर तसेच व्रण आहेत. जवळ जाऊन बोटांची टोकं बघा, वेदनेने वाकडी झालेली, आणि मग दहा पावलं मागे या.

आमटीभात
शाकाहाराचं:

अल्सासचा खास पदार्थ तार्त फ्लांबे, म्हणजे पापडासारख्या पातळ पोळीवर मलई, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. हे तुकडे न घालता मिळतं. ‘सां लार्दों’ म्हणून मागा. चीज-मशरूमचा प्रकारही असतो, पण त्यातही लार्दों असू शकतात, म्हणून दरवेळी सांगा. सूप बहुधा मांसाच्या पाण्यात असतं, टाळा. पुष्कळ चीज वासराच्या जठरातल्या पदार्थाने विरजलेलं असतं. सासूबाई काटेकोर असतील तर वेष्टनावर ‘प्रेझ्युर’ हा शब्द बघा.

वेळा मुंबईसारख्या नाहीत. जेवण दुपारी 12 ते 2, मग स्वयंपाकघर बंद ते संध्याकाळी 7 पर्यंत. अडीचला भूक लागली तर बेकरीच. रविवारी किराण्याची बरीच दुकानं बंद, सोमवारी बरीच हॉटेलं बंद. टेबलावर साधं पाणी फुकट मिळतं, ‘काराफ दो’ म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिलात लागते.

कोलमारला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. तांदूळ आणि मसूर तिथल्या साध्या दुकानात मिळतात, मसाला घरून न्या. ग्रामीण भागातली ‘जीत’ नावाची भाड्याची घरं हंगामात बहुधा शनिवार ते शनिवारच देतात, मधल्या वारांसाठी शहरातला फ्लॅट बघा.

देठ
मे महिना आहे, तिथल्या ओळखीच्यांसाठी हापूसची पेटी नेता येईल ना?

आमटीभात
नाही. ताजी फळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय युरोपीय संघात नेता येत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच सूट. आंबा त्यात नाही, कढीपत्त्याची पानंही नाहीत. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थही बंद, म्हणजे तूप, पनीर, पेढे घरीच. मेतकूट, लोणचं, चटण्या, भाजणी न्या.

उंबरठा
सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. पॅरिसच्या मेट्रोत फार थोड्या स्थानकांना लिफ्ट आहे. संपूर्ण लिफ्ट असलेली लाइन म्हणजे 14 नंबर. एका गाडीतून दुसरीत जाताना चार-चार जिने लागतात. म्हणून त्यांना घेऊन बसने फिरा. चढायला सोपी आणि शहर दिसतं. जानेवारी 2025 पासून मेट्रो-रेल्वेचं तिकीट वेगळं आणि बस-ट्रामचं वेगळं, एकावरून दुसरीत बदलता येत नाही. आणि तिकिटं ज्यावर भरतात ते कार्ड प्रत्येकाला स्वतःचं लागतं.

पॅरिसमधले दिवस सोमवारपासून सुरू होत असतील तर साप्ताहिक नाव्हिगो पास बघा. तो सोमवार ते रविवारच चालतो, मधल्या वारी घेतला तरी रविवारी संपतो. 2025 मध्ये 31.60 युरो होता, कार्डाचे 5 युरो वेगळे, आणि 2.5 × 3 सेंमीचा फोटो लागतो, तो इथूनच कापून न्या. त्यात मेट्रो, बस, व्हर्साय आणि विमानतळ सगळं येतं.

खोली घेताना ‘लिफ्ट आहे का’ हे लेखी विचारा. कोलमारच्या जुन्या लाकडी घरांत अरुंद गोल जिने असतात. पॅरिसच्या सेंत-शापेल चर्चमध्येही वरच्या मजल्यावर गोल जिनाच आहे. रस्ते गोट्यांच्या दगडांचे, छोट्या चाकांच्या बॅगा अडखळतात. गार द लेस्तजवळ मुक्काम घेत असाल तर रु द’अल्सासच्या बाजूला दगडी पायऱ्या आहेत, सामान घेऊन दुसऱ्या बाजूने या.

कोरांटी
सगळ्यांचं वाचून असं बसवलंय:

मंगळवार सकाळी विमानतळ, थेट स्ट्रासबुर्ग, पुढे कोलमार. मंगळ ते शनि पाच रात्री तिथे.
बुध: कोलमार, उंटरलिंडेन. गुरु: गाडी घेऊन रिकवीर, कायझरबर्ग. शुक्र: एगिसाइम, ओ-केनिग्सबुर्ग किल्ला, संध्याकाळी गाडी परत, मग रेल्वेने तुर्काइम. शनि: स्ट्रासबुर्ग.
रवि सकाळी पॅरिस, शुक्रवारपर्यंत पाच रात्री.
सोम: नोत्र-दाम, सेन नदीकाठ. मंगळ: ओर्से. बुध: लूव्र संध्याकाळी. गुरु: व्हर्साय. शुक्र: परत.

खडीसाखर
वार अचूक बसलेत. मंगळवारी लूव्र बंद असल्याने ओर्सेलाही गर्दी वाढते, साडेनऊला दार उघडताना उभ्या रहा. नोत्र-दाम (डिसेंबर 2024 ला पुन्हा उघडलं) प्रवेश फुकट आहे, वेळ मात्र आधी राखून ठेवता येते. पाकीटमारांसाठी मेट्रोची 1 नंबर लाइन आणि सह्या मागणाऱ्या मुलींचे घोळके, दोन्हीकडे पर्स पुढे धरा.

तळटीप
तारखा ठरवताना फ्रान्सच्या सुट्ट्या बघा. पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार 2026 मध्ये 25 मे, 2027 मध्ये 17 मे. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी फ्रेंच आणि पलीकडचे जर्मन दोघंही अल्सासमध्ये उतरतात. तुमचा शनिवार त्यात येऊ देऊ नका.

गिअरबॉक्स
शुक्रवार फार भरलाय. किल्ला 1900 ते 1908 मध्ये कैसर विल्हेल्म दुसऱ्याने अवशेषांवरून पुन्हा उभा केलेला, आत पायऱ्याच पायऱ्या. सासूबाईंना तो नको. त्या दिवशी गाडी दुपारीच परत करा आणि तुर्काइमला निवांत जा.

कोरांटी
किल्ला काढला. तुर्काइमचा राखणदार दहाला निघतो, मग कोलमारला परत कसं यायचं?

रानमेवा
त्या वेळेला रेल्वेचा भरवसा धरू नका. टॅक्सी दुपारीच मुक्कामाच्या मालकाकडून ठरवून घ्या, रात्री पावणेअकराची, वेशीबाहेरची. आयत्या वेळी रस्त्यावर मिळत नाही. मेमध्येही रात्री गारवा असतो, सासूबाईंना स्वेटर द्या.

उंबरठा
आणि फेरी सगळी गोट्यांच्या दगडांवरून आहे. दमल्या तर मध्येच बसायला जागा नाही, म्हणून घडीची काठी-खुर्ची सोबत ठेवा.